मुद्रितशोधनासाठी १३६६ × ७६८ ची स्क्रीन : आठ महिन्यांचा अनुभव

मी मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मुद्रितं तपासते. गेल्या गणपतीत मुलाने नोकरीसाठी नवा लॅपटॉप घेतला आणि त्याचा कॉलेजातला जुना माझ्याकडे आला. १५.६ इंची, आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी. वेगाबद्दल तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. त्रास झाला तो फक्त स्क्रीनचा. पहिले चार महिने मी तिच्यावर जमेल ते उपाय करत काढले, नंतर पॅनेल बदललं आणि आता त्यालाही चार महिने झाले. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एका दिवाळी अंकाच्या लेखात ‘गुरुपौर्णिमा’ तीन ठिकाणी ‘गुरूपौर्णिमा’ छापलं गेलं. ‘गुरू’ सुटा आला की दीर्घ, समासात ऱ्हस्व, हा नियम मला झोपेतही चुकणार नाही. पण तो लेख मी दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा ‘रु’ आणि ‘रू’ मला सारखेच दिसले होते. संपादकांचा फोन आला तेव्हा फार लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, तर नंबर होता तेवढाच. छापील कागद वाचताना काही अडत नव्हतं. मग संशय लॅपटॉपवर आला.

मुलाने फोनवरून सांगितलं म्हणून आधी डिस्प्ले सेटिंग बघितलं. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून मीच कधीतरी रिझोल्यूशन १२८० × ७२० करून ठेवलं होतं. हीच पहिली चूक. पडद्यावर पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, मोजून १३६६ × ७६८ असतात. त्याहून कमीचं चित्र दिलं की ते ताणून बसवावं लागतं, आणि एकास एक पिक्सेल जुळत नसल्यामुळे प्रत्येक रेघेची कड पसरते. ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं रिझोल्यूशन ठेवायचं आणि अक्षरं मोठी हवी असतील तर ती स्केलिंगने (विंडोजमधली सगळं मोठं दाखवण्याची सोय) किंवा त्या त्या प्रोग्रॅममधल्या झूमने करायची. एवढ्यानेच बराच फरक पडला.

दुसरा फुकटचा उपाय म्हणजे क्लिअरटाइप, विंडोजमधली अक्षरं रेखीव दाखवण्याची सोय. स्टार्टमध्ये हे नाव टाइप केलं की एक छोटी खिडकी उघडते, चार-पाच नमुने दाखवते आणि त्यातला सर्वांत स्पष्ट निवडायला सांगते. माझ्याकडे ते बंदच होतं. चालू केल्यावर इंग्रजी मजकूर एकदम सुधारला. मराठी सुधारला, पण तेवढा नाही. याचं कारण कळलं तेव्हा मला मोठा उलगडा झाला. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. क्लिअरटाइप त्या पट्ट्या सुट्या वापरून अक्षर रेखीव करतं, म्हणजे मिळणारा फायदा मुख्यतः आडवा. आपल्या लिपीची गर्दी मात्र उभी असते. ‘कार्यकर्त्यांनी’ हा शब्द घ्या : शिरोरेषेच्या वर रफार, अनुस्वार आणि वेलांटी, खाली जोडाक्षर. १२ पॉइंटचा टाइप १०० टक्क्यांवर जेमतेम १६ पिक्सेल उंचीत बसवावा लागतो. त्यातच शिरोरेषा, वरच्या खुणा, अक्षराचा देह आणि खालचा उकार. इंग्रजीला पुरणारी स्क्रीन मराठीला पुरत नाही ती इथे.

फॉन्ट बदलूनही पाहिला. जुन्या मंगलपेक्षा निर्मला यूआय बरा वाटला आणि ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट माझ्या डोळ्यांना सर्वांत मोकळा. पण पीडीएफमध्ये प्रकाशकाचा फॉन्ट असतो, तिथे आपल्या हातात काही नाही.

याच काळात एका प्रकाशकांच्या कार्यालयात बसून काम केलं. तिथला मॉनिटर २१.५ इंची, १९२० × १०८०. त्यावर उकार स्वच्छ दिसत होते. घरी येऊन हिशेब केला, तर त्या मॉनिटरवर इंचाला सुमारे १०२ पिक्सेल आणि माझ्या लॅपटॉपवर १००! म्हणजे दाटी जवळजवळ सारखीच. मग फरक कुठे होता? एक, मॉनिटर हाताच्या अंतरापलीकडे होता आणि लॅपटॉप मी नाकाजवळ घेऊन बसत होते. पाव मिलिमीटरचा पिक्सेल इतक्या जवळून सुटा दिसणारच. दोन, माझं पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, टीएन या जातीचं होतं. अशा पॅनेलवर वर-खाली कोन थोडा बदलला तरी रंग उतरतो. पानाच्या वरच्या ओळी गडद आणि खालच्या फिक्या दिसत, झाकण हलवलं की उलटं. आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पॅनेलवर हे होत नाही.

म्हणून लॅपटॉप स्टँडवर मागे सरकवला, वेगळा कीबोर्ड लावला आणि पीडीएफ १५० टक्क्यांवर ठेवली. अक्षरं वाचता येऊ लागली, पण पान दिसेना. उंचीला पिक्सेलच्या ७६८ ओळी, त्यातल्या टूलबार आणि टास्कबारने खाल्लेल्या वेगळ्या. एका वेळी पानाचा तिसरा हिस्साच समोर राहायचा. मुद्रित वाचताना सारखं सरकवावं लागलं की नजरेची ओळ सुटते, आणि ओळ सुटली की चूक निसटते. ज्यांना फक्त मेल बघायचे आणि बिलं भरायची त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. माझं भागलं नाही.

जानेवारीत पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका कारागिराकडे गेले. लॅपटॉपची वॉरंटी केव्हाच संपली होती, त्यामुळे ती भीती नव्हती. त्याने चौकट काढून पॅनेलच्या पाठीवरचा क्रमांक मला दाखवला. नवं पॅनेल त्याच आकाराचं, ३० पिनांच्याच जोडणीचं, पण १९२० × १०८० आयपीएस मागवलं. ते आलं, बसवलं, आणि चित्रच येईना. जोडणी तंतोतंत जुळत होती, पण माझ्या लॅपटॉपच्या केबलमध्ये एकाच लेनच्या, म्हणजे चित्राची माहिती नेणाऱ्या एकाच मार्गाच्या, तारा होत्या. ७६८ ला एक लेन पुरते, १०८० ला दोन लागतात. वेगळी केबल यायला आठ दिवस गेले आणि नऊशे रुपये वाढले. मजुरी धरून एकूण सात हजार चारशे. पॅनेल मागवण्याआधीच केबल तपासून घ्या, हे मला कोणी सांगितलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

पहिल्या संध्याकाळी तोच दिवाळी अंकाचा लेख उघडला. ‘रु’चा लहान आकडा आणि ‘रू’ची लांब शेपटी वेगळी दिसली तेव्हा खरंच डोळे भरून आले. ‘शुध्द’ आणि ‘शुद्ध’ आता झूम न करता ओळखता येतात. पिक्सेल आता ०.१८ मिलिमीटरचा झाला आहे आणि हातभर अंतरावरून तो जाणवत नाही. स्केलिंग १२५ टक्के ठेवलं आहे, १०० वर अक्षरं फार बारीक होतात. संध्याकाळचं डोकं दुखणं जवळजवळ थांबलं आहे.

उणिवाही आहेत. रंग फिके आहेत, मुखपृष्ठाचा रंग मी यावर पास करत नाही. दुपारी गॅलरीत बसलं तर उजेड कमी पडतो. आणि पानं जुळवण्याचा एक जुना मराठी डीटीपी प्रोग्रॅम १२५ टक्क्यांवर पुन्हा धुरकट दिसू लागला, कारण विंडोज त्याची खिडकी चित्रासारखी ताणतं. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे ओव्हरराइडवर खूण करून ‘ॲप्लिकेशन’ निवडलं. अक्षरं लख्ख झाली, मेनू मात्र इवलेसे राहिले. त्या मेनूतल्या पाच-सहा आज्ञांचे कीबोर्ड शॉर्टकट मी कागदावर लिहून स्टँडला चिकटवले आहेत.