आबाजीच्या गोळ्या: पीएचसीतून की जनऔषधीतून?

शेजारच्या दादानं विचारलं, “आबाजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या कुठून आणू? गावच्या पीएचसीतून का तालुक्याच्या जनऔषधीतून?” पीएचसी म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र, जनऔषधी म्हणजे सरकारी योजनेतलं बिनब्रँडच्या स्वस्त औषधांचं दुकान. आईसाठी मी दोन्ही करून पाहिलंय.

पैसा: पीएचसीत फुकट. 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. जनऔषधीत पैसे लागतात, पण ब्रँडच्या निम्म्याहून कमी. जाण्यायेण्याचं भाडंही धरा: पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, सोबत जाणाऱ्याला नाही.

मिळण्याची खात्री: खरी गोम इथं. बीपीची अम्लोडिपिन, शुगरची मेटफॉर्मिन पीएचसीत बहुधा असतात. साठा संपला की “पुढच्या आठवड्यात या”. मग आई गोळी अर्धी मोडायची, उरलेली लुगड्याच्या टोकाला बांधायची. अर्ध्या गोळीनं बीपी आवरत नाही बाप्पा. आणि एसआर लिहिलेली, म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी गोळी तर मोडायचीच नसते, मोडली की तिचं औषध एकदम सुटतं. जनऔषधीतून डॉक्टरच्या चिठ्ठीवर दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणल्या की ही भानगड कमी. तिथंही एखादी गोळी कधी नसतेच म्हणा.

ओळख: कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, दोन्हीकडे. आता मी सकाळच्या पाकिटावर सूर्य काढतो, रात्रीच्यावर चंद्र.

आबाजीला दोन साध्याच गोळ्या असतील, पीएचसी चालत जाण्याजोगं असेल, तर तिथंच जा. बीपीही मोजून होतं. चार-पाच गोळ्या असतील किंवा कापूस वेचणीत घरचं कोणी मोकळं नसेल, तर जनऔषधी; दोन महिन्यांची एकच फेरी.