एनसीबी रिटेन्शन लेटर: गाडी विकून काही वर्षं थांबणाऱ्यांसाठी कितपत कामाचं?

मोटार विम्यात मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही अशी एक सेवा आहे: एनसीबी रिटेन्शन लेटर. साठलेला नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, तुमच्या नावावर राखून ठेवल्याचं हे विमा कंपनीचं पत्र. परदेशी नोकरी, बदली, आजारपण, कारण काहीही असो, गाडी विकून वर्ष-दोन वर्षं बिनगाडीचं राहणाऱ्यांच्या ते उपयोगी पडतं. मत आधीच सांगून टाकतो. गाडी विकली असेल तर हे पत्र न घेणं म्हणजे हातचे पैसे सोडणं. गाडी दारातच उभी राहणार असेल, तर मात्र याच्या भरवशावर पॉलिसी बंद पडू देऊ नका.

पैसे किती, ते पाहू. बोनस फक्त ओन डॅमेज (ओडी), म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या प्रीमियमवर मिळतो. थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या रकमेला तो लागत नाही. एकही क्लेम नसेल तर पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के. ५० वरून शून्यावर आलात, की पुन्हा वर चढताना पाच वर्षं अनुक्रमे १००, ८०, ७५, ६५ आणि ५५ टक्के प्रीमियम भरावा लागतो. एरवी दरवर्षी ५० टक्केच भरला असता. फरकाची बेरीज १२५ टक्के. ओडी प्रीमियम १२,००० रुपये धरला तर पाच वर्षांत १५,००० रुपये जास्तीचे जातात, जीएसटी वेगळा. पुढची गाडी मोठी असेल तर आकडा आणखी वाढतो, कारण राखलेली असते ती टक्केवारी, रुपये नव्हेत.

नियम इंडिया मोटर टॅरिफ या मोटार विम्याच्या नियमावलीतल्या २७ व्या कलमात आहे. त्यात दोन मुदती आहेत आणि लोकांची गल्लत इथेच होते. पहिली ९० दिवसांची: पॉलिसी संपल्यावर तेवढ्या दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर बोनस गेला. दुसरी ३ वर्षांची: गाडी विकली आणि लगेच दुसरी घेतली नाही, किंवा गाडी वापरातून काढून उभी ठेवली, तर पुढच्या पॉलिसीवर जुना बोनस मिळू शकतो. ही ३ वर्षं मोजायची जुन्या पॉलिसीच्या समाप्तीपासून, पत्र हातात आलं त्या दिवसापासून नाही. पत्रावर कंपनीने वेगळी तारीख छापली असेल, तर दोन्हींपैकी जी आधी येते ती धरून चला.

त्याच कलमातली आणखी एक अट अनेकांना ठाऊक नसते. बोनस मिळतो तो पूर्ण झालेल्या बारा महिन्यांचा. चालू पॉलिसीवर ३५ टक्के आहे आणि गाडी अकराव्या महिन्यात विकली, तर पत्रावर ३५ च येणार, ४५ नाही. विक्री तीन-चार आठवडे पुढे ढकलता येत असेल तर ढकलावी.

पत्र मिळवण्याचं काम तसं सरळ आहे. कंपनीच्या शाखेत किंवा ग्राहक सेवेच्या ईमेलवर अर्ज करायचा. सोबत पॉलिसीची प्रत, ओळखपत्र आणि विक्रीचा पुरावा: मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, गाडी ताब्यात दिल्याची पावती आणि शक्य असेल तर खरेदीदाराच्या नावावर झालेली आरसी (नोंदणी प्रमाणपत्र). अडतं ते बहुतेक आरसीवर. खरेदीदार नाव बदलायला महिनोन्‌महिने लावतो आणि तोवर कागदोपत्री गाडी तुमचीच राहते. म्हणून सह्या केलेल्या फॉर्मची झेरॉक्स व्यवहाराच्या दिवशीच काढून ठेवा. एजंट किंवा जुन्या गाड्यांचा व्यापारी मधे असेल तर जास्तच गरजेचं.

गाडीबरोबर पॉलिसी खरेदीदाराकडे गेली तरी बोनस जात नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. कंपनी उरलेल्या मुदतीपुरती सवलतीची रक्कम वसूल करते, तिला एनसीबी रिकव्हरी म्हणतात. ही कुणी भरायची ते व्यवहारातच ठरवून घ्या. नंतर यावरून हमखास वाद होतात.

पत्र हाती आलं की तिथल्या तिथे वाचा. आरसीवर होतं तसंच नाव, गाडीचा नंबर, चॅसिस आणि इंजिन नंबर, पॉलिसीची मुदत, बोनसची टक्केवारी, क्लेम नसल्याचा उल्लेख. नावातल्या एका अक्षराचा फरकही पुढे नवी कंपनी दाखवून देते. पत्र एकाच गाडीला लागतं, तेही त्याच वर्गातल्या. स्कूटरचा बोनस कारला चालत नाही. नवऱ्याच्या नावावरचा बोनस बायकोच्या नावाने घेतलेल्या गाडीलाही चालत नाही. अपवाद मृत्यूचा: गाडी पती किंवा पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे आली तर बोनसही त्यांच्याकडे येतो. ऑफिसने दिलेली गाडी पुढे स्वतःच्या नावावर करून घेणाऱ्यालाही तो मिळतो, पण त्या काळात गाडी फक्त तोच वापरत होता असं संस्थेचं पत्र लागतं.

नवी गाडी घेताना पत्र शोरूममध्ये पॉलिसी निघण्याआधी द्या. पॉलिसी छापून झाल्यावर सवलत मागायला गेलात की एन्डॉर्समेंट (पॉलिसीत दुरुस्ती), परतावा, पाठपुरावा असं सगळं मागे लागतं. शोरूमचा माणूस ‘नंतर बघू’ म्हणाला तर तिथेच थांबा. आणि ऑनलाइन कोटेशनमध्ये ‘मागच्या वर्षी क्लेम केला होता का?’ या प्रश्नाचं उत्तर नीट बघून भरा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करते. घोषणा खोटी निघाली तर ओडी विभागाचे सगळे लाभ जप्त होतात, म्हणजे अपघातानंतर दुरुस्तीचं बिल सगळं तुमच्या माथी.

आता उभ्या गाडीचं. नियमात वापरातून काढलेल्या गाडीचा उल्लेख आहे खरा, पण विक्रीला फॉर्म असतात, गाडी नुसती उभी होती याला काय दाखवणार? शिवाय नुसती थर्ड पार्टी चालू ठेवून बोनस जगत नाही. ओडीचे ९० दिवस त्यांच्या गतीने मोजले जातातच. वरच्याच उदाहरणात ५० टक्के बोनस असताना वर्षाचा ओडी खर्च ६,००० रुपये, आणि बोनस गमावण्याची किंमत १५,०००. ओडी चालू ठेवली की आग, चोरी, पूर यांचं संरक्षणही चालू राहतं आणि परत सुरू करताना गाडीच्या इन्स्पेक्शनची कटकट नसते. वर्ष-दोन वर्षांच्या खंडासाठी हाच मार्ग स्वस्त पडतो. गाडी महिन्यातून एखाद-दोनदा निघत असेल तर किलोमीटरवर आधारलेलं ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ ॲड-ऑन विचारा. विमा नियामक आयआरडीएआयने २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली आहे.

‘एनसीबी प्रोटेक्ट’ नावाचं ॲड-ऑन या कामाला अजिबात घेऊ नका. क्लेम केला तरी बोनस टिकावा यासाठी ते असतं, किती क्लेमपर्यंत ते कंपनीवर अवलंबून. पॉलिसी ९० दिवसांपलीकडे बंद राहिली तर ते काहीच वाचवत नाही. विक्रेते हा फरक फारसा सांगत नाहीत.

परदेशातून परतणाऱ्यांना एक सोय आहे. तिथल्या विम्यावर मिळवलेला बोनस, तिथली पॉलिसी संपल्यापासून ३ वर्षांच्या आत इथे विमा उतरवला तर पुराव्यावर मिळू शकतो. तिथून निघण्याआधीच तिथल्या कंपनीचं पत्र घ्या. परत आल्यावर ईमेलवर मागणं जिकिरीचं होतं. इथली गाडी विकून गेलेल्यांनी निघतानाच इथलं पत्रही स्कॅन करून ठेवावं.

कंपनी पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर. तिथेही नाही सुटलं तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, आणि तक्रारीला फी लागत नाही.