गाऱ्हाणं, ओव्या आणि रात्रभराचा दशावतार : कुठला रेकॉर्डर कशासाठी?

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रांचा मोसम सुरू होतो आणि दरवर्षी तेव्हाच ओळखीतली दोन-चार माणसं मला विचारतात, "चांगला रेकॉर्डर कुठला घेऊ?" मी त्यांना आधी एवढंच विचारतो की आवाज कोणाचा धरायचा आहे. मागच्या पडवीत बसून बोलणारी म्हातारी, देवळातलं गाऱ्हाणं (म्हणजे देवापुढे मोठ्या मानाने घातलेलं साकडं), शिमग्याचा ढोल, की मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं दशावतारी नाटक? ही चार कामं वेगवेगळी आहेत. एकच यंत्र चारही कामांना सारखं पुरत नाही. ज्याला एकच यंत्र परवडणार आहे त्याने यातलं कुठलं काम आपल्याला सगळ्यात जवळचं, ते आधी ठरवावं.

मी इथे पाच पर्याय समोरासमोर ठेवतो आहे : हातातला फोन, सोनी आयसीडी-पीएक्स४७०, टॅस्कॅम डीआर-०५एक्स, झूम एच१इसेन्शियल आणि झूम एच४इसेन्शियल. किंमतही साधारण याच क्रमाने चढत जाते. टॅस्कॅम आणि छोटा झूम जवळपास एका पंगतीत बसतात, मोठा झूम मात्र छोट्याच्या साधारण दुप्पट पडतो.

फोन पुरत नाही का?

पुष्कळदा पुरतो. समोरासमोर बसून कोणाची आठवण ऐकून घ्यायची असेल, तर फोन हातभर अंतरावर ठेवा, फ्लाइट मोड लावा, पंखा बंद करा. काम होतं. पण फोन बनला आहे बोलण्यासाठी. बोलण्याखेरीज जो आवाज एकसारखा चालू राहतो, त्याला तो गोंगाट समजतो आणि दाबायला बघतो.

हे मला फार महागात पडलं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात आतेने हौसेने जातं मांडलं, पायलीभर नाचणी घेतली आणि ओव्या म्हणायला बसली. मी फोन खाली घोंगडीवर ठेवला. रात्री कानाला लावून ऐकलं तर ओवी स्वच्छ, पण जातं गायब! ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत जी घरघर भरून राहायची, तिथे नुसती पोकळी. मधेच एक फोन आला होता, तिथे तर रेकॉर्डिंगच तुटलं होतं. दुसऱ्या दिवशी परत म्हणशील का विचारलं, तर म्हणाली, "एकदा म्हटलंय मां रे, परत परत काय म्हणूक लावतंस?" पुढच्या श्रावणात आते नव्हती.

ओवीचे शब्द वहीतही राहतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत आणि त्यातल्या कितीतरी आज आवाजासकट ऐकता येतात. कागदावरची ओवी आणि ऐकलेली ओवी यांत किती अंतर आहे, ते तिथे कळतं. दळणाऱ्या बाईचा श्वास कुठे तुटतो, खुंट्यावरचा हात बदलताना सूर कसा हलतो, हे फक्त आवाजातच आहे. ते हवं असेल तर आवाजाला स्वतःच्या मनाने हात न लावणारं यंत्र पाहिजे. काही अ‍ॅपमध्ये ही आपोआप होणारी साफसफाई बंद करता येते आणि साधी वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला मूळ आवाज, घेता येते. फोनवरच भागवायचं असेल तर ते नक्की करा.

बोलण्यासाठी : सोनी

पीएक्स४७० हे मुलाखतीचं यंत्र आहे. आत ४ जीबी जागा, वर मायक्रोएसडी कार्ड, दोन बारीक पेन्सिल सेल. यूएसबीची दांडी अंगातूनच सरकून बाहेर येते, त्यामुळे वायर शोधायला नको. एमपी३ थेट मिळतं, हे मुंबईतल्या चाकरमान्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सोयीचं. शाळेतली मुलं गावातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती घेणार असतील, किंवा कोणाला बोलीतले शब्द गोळा करायचे असतील, तर याहून जास्त खर्च करू नये. वेव्हमध्येही रेकॉर्ड होतं, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर (आवाज किती बारकाईने साठवला जातो त्याची ही मापं), आणि माणसाच्या आवाजाला ते भरपूर झालं. एमपी३ची घाई नसेल तिथे वेव्हच घ्या. तासाला साधारण ६३५ एमबी जागा जाते, पण पुढे कोणाला त्या आवाजावर नीट काम करायचं झालं तर मूळ माल हाताशी राहतो.

संगीतासाठी मात्र हे घेऊ नका. पखवाज आणि झांज एकत्र आली की आवाज चेपल्यासारखा होतो.

गाऱ्हाण्याने शिकवलेला धडा

आता खरी निवड टॅस्कॅम आणि छोटा झूम यांच्यात आहे. बहुतेकांचा गोंधळही इथेच होतो.

शिमग्यात पालखी दारात आली की काय होतं ते आठवा. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माणसं दाटलेली, मानकरी हळू, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखं गाऱ्हाणं घालू लागतो. आवाज बारीक म्हणून आपण रेकॉर्डरची लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात घ्यायचा ती पातळी, वाढवतो. तोच पन्नास गळ्यांतून एकदम "होय म्हाराजा!" आणि त्या पाठोपाठ ढोलावर टिपरी. मी एका उसन्या आणलेल्या रेकॉर्डरवर एकदा नेमकी हीच चूक केली. गाऱ्हाण्याचा शब्द न् शब्द आला आणि प्रत्येक "होय म्हाराजा" फाटला. स्क्रीनवर बघितलं तर लाटेचे शेंडे विळ्याने सपकन छाटल्यासारखे सपाट. असा छाटला गेलेला आवाज मागाहून कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

टॅस्कॅम डीआर-०५एक्स या बाबतीत जुन्या वळणाचं यंत्र आहे. १६ किंवा २४ बिट वेव्ह किंवा एमपी३, आणि लेव्हल तुम्ही लावायची. २४ बिट निवडलं तर लेव्हल बरीच खाली ठेवूनही बारीक आवाज नंतर वर काढता येतो. म्हणून माझा नियम असा, की सगळ्यात मोठा आवाज आला तरी लेव्हल दाखवणारा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. हे जमतं, पण सवय लागते, आणि गर्दीत उभं राहून मीटरकडे लक्ष ठेवावं लागतं.

झूम एच१इसेन्शियल हे यंत्र २०२४ साली आलं आणि त्याने ही चिंताच काढून टाकली. ते ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतं, लेव्हल लावायचं बटणच त्यावर नाही. आत बारीक आणि मोठ्या आवाजासाठी वेगवेगळे कन्व्हर्टर काम करतात आणि फाइलमधल्या आकड्यांचा आवाका एवढा मोठा असतो की ढोल वर गेलेला दिसला तरी नंतर खाली ओढला की पूर्ण लाट परत मिळते. गाऱ्हाण्याची कुजबुज आणि "होय म्हाराजा" एकाच फाइलमध्ये शाबूत. नवख्या माणसाच्या हातात, पुन्हा न होणाऱ्या प्रसंगासाठी, मी डोळे मिटून हेच देईन.

दोन गोष्टी मात्र आधीच समजून घ्या. पहिली, फ्लोट आकड्यांना वाचवतं, माइकला नाही. या झूमचे माइक १२० डेसिबलपर्यंत सहन करतात. टॅस्कॅमची मर्यादा १२५ आहे. ढोलाच्या तोंडाशी नेऊन धरलात तर माइकच फाटेल आणि तिथे ३२ बिट काही करू शकणार नाही. पंधरा-वीस फूट मागे उभे राहा. दुसरी, मिळणारी फाइल तशीच्या तशी लोकांना पाठवण्याजोगी नसते. पुष्कळ फोनवर ती वाजत नाही, वाजली तर फार बारीक ऐकू येते. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून आवाज सारखा करून घ्यावा लागतो. घरात संगणक नसेल आणि कोणी करून देणारंही नसेल, तर तुमच्यासाठी टॅस्कॅमच बरा.

माइक कुठे बघतो?

याबद्दल दुकानदार क्वचितच सांगतो, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी हा मुद्दा बिटांइतकाच मोठा आहे. झूमचे दोन माइक एकमेकांवर फुली मारल्यासारखे बसवलेले असतात आणि समोरचा आवाज जास्त घेतात. रंगमंच समोर, प्रेक्षक मागे, अशा दशावताराला हे बरोबर. मागची चहाची टपरी आणि खाज्याच्या दुकानावरची गडबड थोडी दबते. टॅस्कॅम डीआर-०५एक्सचे माइक सगळ्या बाजूंनी सारखे ऐकतात. गोल रिंगणातली फुगडी, जाखडीचा नाच, घरात गणपतीपुढे दोन्ही बाजूंना बसलेलं भजन यांना याहून सोयीचं काही नाही. मृदुंगाची धुमही असा माइक जास्त भरीव घेतो.

शिवाय चौफेर ऐकणारा माइक वाऱ्याला आणि हाताच्या खरखरीला कमी बिचकतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना मासेमाऱ्यांच्या आरोळ्या किंवा वेळेवरचा, म्हणजे किनाऱ्यावरचा, समुद्र धरायचा असेल, तर हा फरक कानाला लगेच कळतो. (टॅस्कॅमचाच डीआर-०७एक्स घेतलात तर माइक फिरवून फुलीत किंवा बाहेर वळवता येतात, पण ते माइक चौफेर नव्हेत, एकाच दिशेचे आहेत.)

तरीही वाऱ्यासाठी केसाळ टोपी कुठल्याही यंत्राला लागतेच. स्पंजची टोपी पंख्यापुरती, खाऱ्या वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. विकतची नाही मिळाली तर जत्रेत मिळणाऱ्या केसाळ खेळण्याचं कापड उसवून शिवलेली टोपीही छान काम करते. लो-कट नावाची सोय वाऱ्याची घुमघुम कापते, पण तिच्याबरोबर मृदुंगाचा तळही जातो. म्हणून ती किनाऱ्यावर चालू आणि नाटकाला बंद.

मंडळासाठी : मोठा झूम

एच४इसेन्शियलही ३२ बिट फ्लोट आहे. त्याचे माइक १३० डेसिबलपर्यंत टिकतात आणि खाली दोन एक्सएलआर जोडण्या (मोठ्या माइकच्या आणि मिक्सरच्या वायरींसाठी) आहेत, बाहेरच्या माइकला वीज पुरवणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरसह. म्हणजे साउंडवाल्याच्या मिक्सरमधून गायकांचा आवाज थेट घ्यायचा आणि यंत्राच्या माइकने सभागृह, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. डबलबारी (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनाचं मंडळ किंवा नमन-खेळे या कोकणी लोकनाट्याचा संच स्वतःचं रेकॉर्डिंग ठेवणार असेल तर वर्गणी काढून हेच घ्या. एकट्या माणसाला, घरच्या ओव्यांसाठी, हा खर्च मला पटत नाही. मिक्सरची लाइन मिळणार नसेल तर त्या दोन जोडण्या रिकाम्याच राहणार.

सेल, कार्ड आणि पावसाळा

नाटकाच्या रात्री वीज जाते, म्हणून आत बसवलेल्या बॅटरीपेक्षा बदलता येणारे सेल मला केव्हाही जास्त पटतात. छोटा झूम दोन बारीक सेलवर चालतो आणि चांगल्या अल्कलाइनवर कंपनी १० तास सांगते. टॅस्कॅमला दोन नेहमीचे पेन्सिल सेल लागतात, ते भिंतीवरच्या घड्याळाचे, कुठल्याही वाण्याकडे मिळणारे. रीचार्जेबल वापरत असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर यंत्र उरलेला चार्ज चुकीचा दाखवतं. नाटकात दर दोनएक तासांनी, संकासुराचा प्रवेश आटोपल्यावर किंवा मध्ये चहा फिरत असताना, रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करा. फाइल नीट बंद होण्याआधी सेल संपले तर मागचं सगळं जाण्याची भीती असते.

जागेचा हिशेब सोपा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला तासाला साधारण १ जीबी, ३२ बिट फ्लोटला १.४ जीबीच्या आसपास. सहा तासांचं नाटक साडेआठ जीबीत बसतं, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड पुरे. कार्ड मात्र ओळखीच्या दुकानातून घ्या आणि एकदा काठोकाठ भरून, वाजवून बघा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडच्या हवेत लोखंडी खिळाही फुलतो, मग माइकचा नाजूक पडदा तर विचारूच नका. ओल धरलेला माइक तडतडतो. यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, सेल काढून. तांदळात पुरू नका, त्याची पूड माइकच्या जाळीत जाते. किनाऱ्यावरून आलात की किंचित ओल्या फडक्याने मीठ पुसा आणि सुकवूनच डब्यात घाला.

माझ्याकडे आज छोटा झूम आणि टॅस्कॅम दोन्ही आहेत. एकच ठेवायचं झालं तर झूम ठेवीन, कारण शिमग्याची पालखी माझ्यासाठी खळ्यात दुसऱ्यांदा थांबणार नाही. पण तुमच्या घरात जात्यावर बसणारी कोणी असेल आणि संगणकाची अडचण असेल, तर टॅस्कॅम घ्या, चार पदरी टॉवेलावर तिच्या डाव्या हाताला ठेवा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद करा. बांगडे काही तासाभरात खराब होत नाहीत. जत्रेला अजून महिना आहे तोवर घ्या आणि येत्या एकादशीच्या भजनाला एकदा चालवून बघा.