पाचवी गावातच, की तालुक्याच्या हायस्कुलात?

मार्च उजाडला की चौथीच्या पालकांची कुजबुज सुरू होते. "तुमच्या पोराला कुठं घालणार?" आपल्याकडे हा प्रश्न पाचवीलाच पडतो, त्याचं कारण जुनं आहे. महाराष्ट्रात पूर्वापार पहिली ते चौथी प्राथमिक शाळा आणि पाचवी ते दहावी हायस्कूल अशी रचना होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीला प्राथमिकमध्ये धरलं आणि जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांना पाचवीचा वर्ग जोडला गेला. हायस्कुलांनी मात्र आपली पाचवी सोडली नाही. त्यामुळे आज अनेक गावांत एकाच मुलापुढे दोन पाचव्या उभ्या असतात. एक घराजवळ, ओळखीच्या बाईंकडे. दुसरी एस.टी.ने गाठायची.

राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातल्या या दोन पाचव्या इथे शेजारी शेजारी ठेवून पाहू. गावातल्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीची गोष्ट वेगळी आहे, ती इथे नको.

पुस्तकं तीच, परीक्षा तीच

हायस्कुलातली पाचवी "वरची" असते, असा एक समज आहे. तो मनातून काढून टाका. दोन्हीकडे बालभारतीची तीच पुस्तकं असतात, अनुदानित शाळेतही ती आठवीपर्यंत मोफत मिळतात, आणि दुपारचा पोषण आहारही दोन्हीकडे असतो.

चौथीपेक्षा पाचवी जड जाते ती मुख्यतः गणितात. सहा-सात अंकी संख्या, रोमन अंक, छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज, विभाज्य-विभाजक, दशांश, कोन, परिमिती आणि क्षेत्रफळ असं सगळं एकाच वर्षात येतं. त्यात अपूर्णांकांवर बारीक लक्ष ठेवा. पाव आणि अर्धा मिळून पाऊण होतो, हे मूल घरी चपातीवर दाखवतं. तेच मूल कागदावर १/४ आणि १/२ ची बेरीज २/६ लिहून मोकळं होतं. हे वेळीच कुणी पकडलं नाही, तर पुढे दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर सगळंच डळमळतं. भागाकार कच्चा असेल तर तोही इथेच उघडा पडतो, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा पाढ्यांत सापडतं.

हिंदी या वर्षी नव्याने येते. लिपी तीच असल्यामुळे मुलं वाचायला लवकर लागतात, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची गल्लत ठरलेली. परिसर अभ्यासाची दोन पुस्तकं असतात. चौथीत शिवछत्रपतींच्या इतिहासात रमलेलं मूल पाचवीत एकदम अश्मयुगात जाऊन पडतं. लढाई नाही, गड नाही, नुसती दगडी हत्यारं. काही मुलांचा इतिहासातला रस इथे आटतो. पहिल्या भागात सूर्यमाला आणि पृथ्वीचं फिरणं आहे, ते बहुतेकांना आवडतं. विज्ञान, भूगोल असे सुटे विषय सहावीत होतात. नव्या अभ्यासक्रम आराखड्याची पाचवी २०२७-२८ पासून येईल, असं वेळापत्रक शासनाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. म्हणून मोठ्या भावंडाची पुस्तकं धाकट्यासाठी जपून ठेवताना जरा विचार करा.

परीक्षेचं मात्र नीट समजून घ्या. "आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही" हे आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा. उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात. त्याखाली राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घेतात. तीही जमली नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. शाळेतून मात्र काढता येत नाही. हा नियम गावातल्या शाळेलाही लागू आहे आणि हायस्कुलालाही.

एक बाई, की सहा सर

खरा फरक इथे आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुधा एकच शिक्षक सगळे विषय शिकवतात. त्यांना तुमच्या मुलाचा पाढा कुठे अडतो ते माहीत असतं, बापाच्या ऊसतोडीच्या तारखाही माहीत असतात. गृहपाठ झाला नाही तर संध्याकाळी दुकानावर गाठून सांगतात. पण हेच उलटही होतं. शाळा द्विशिक्षकी असेल तर एक शिक्षक तिसरी, चौथी, पाचवी एकत्र घेऊन बसतात. त्यातच निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. वर्षाच्या मध्यात बदली झाली की वर्ग वाऱ्यावर. आणि एकच शिक्षक म्हणजे त्यांची कच्ची बाजू तीच तुमच्या मुलाचीही कच्ची बाजू. बाईंना इंग्रजी जमत नसेल तर पाचवीचं इंग्रजी गेलंच समजा.

हायस्कुलात तासाची घंटा असते. गणिताला एक सर, इंग्रजीला दुसरे, चित्रकलेला तिसरे, खेळाला मैदान आणि कवायत घेणारे सर. कुठे प्रयोगशाळा असते, वाचनालयाचं कपाट असतं. विषयाची आवड असलेला एखादा शिक्षक भेटला तर मुलाचं नशीबच. पण तुकडीत साठ पोरं असली तर कायद्यातलं तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावरच राहतं. पहिल्या सहामाहीपर्यंत सरांना मुलाचं नावही पाठ नसतं. शिवाय हायस्कुलाचा जीव दहावीच्या निकालात अडकलेला असतो. चांगले शिक्षक नववी-दहावीला देतात आणि पाचवी नव्या माणसाच्या किंवा तासिकेवर आलेल्यांच्या गळ्यात पडते. सगळीकडे असं नसेल, पण प्रवेश घेण्याआधी विचारायला कचरू नका: "पाचवीला गणित कोण शिकवतं?" या एका प्रश्नाचं उत्तर इमारतीच्या रंगापेक्षा जास्त सांगून जातं.

गप्प बसणारं, चुकलं तरी हात वर न करणारं मूल असेल तर माझं मत गावातल्या शाळेकडे झुकतं. साठांच्या तुकडीत असं मूल वर्षभर अदृश्य राहू शकतं. वर्गात चुळबुळ करणारं, सगळं आधीच येतंय म्हणून कंटाळलेलं पोर मात्र हायस्कुलात फुलतं.

बस, पैसा, वेळ

पाचवीपासून मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत मिळतो, मुलांना सवलतीचा. म्हणजे भाड्याचा प्रश्न मोठा नाही, प्रश्न वेळेचा आहे. सकाळी साडेनऊची गाडी चुकली तर पुढची बाराला. संध्याकाळी स्टँडवर दीड तास. दहा वर्षांच्या पोराचा तो वेळ कसा जातो, हे एकदा स्वतः त्याच गाडीने जाऊन बघा. गणवेश जिल्हा परिषद शाळेत मोफत मिळतो, खासगी अनुदानित हायस्कुलात तो विकत घ्यावा लागतो, वर वेगवेगळ्या नावांनी काही निधी मागतात. पावती मागा.

नवोदयचा पेच

नवोदयची तयारी करणारे पालक सर्वात जास्त ज्या ठिकाणी फसतात, ते हे. जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीला प्रवेश मिळतो. त्याची परीक्षा पाचवीत असताना द्यायची आणि ती एकदाच देता येते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण: बुद्धिमत्ता ५०, अंकगणित २५, भाषा २५. जिल्ह्यातल्या विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा, आणि त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी.

ग्रामीण कोण, ते घरावरून ठरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलं, तरी ते शहरी धरलं जातं. तालुक्याची बरीच गावं आता नगरपंचायत किंवा नगरपालिका झाली आहेत. म्हणजे "चांगल्या तयारीसाठी" पोराला पाचवीला तालुक्याच्या हायस्कुलात घातलं, की तो स्वतःच्याच ग्रामीण जागेवरचा हक्क घालवून बसतो. नवोदय डोक्यात असेल आणि गावात पाचवी असेल तर गावातच ठेवा. क्लास लावायचा तर शाळा सुटल्यावर लावा.

साताऱ्याच्या सैनिक शाळेची सहावीची प्रवेश परीक्षाही याच वर्षी येते. तिच्यात गणिताला ३०० पैकी १५० गुण आहेत. गणितात रमणाऱ्या मुलालाच बसवा. दोन्ही परीक्षांची तयारी एकदम करायला लावली की पोराचं खेळणं संपतं.

शिष्यवृत्ती परीक्षेचं चित्र बदललं आहे. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला आली होती आणि पाचवीचा पाऊण अभ्यास तिच्याभोवतीच फिरायचा. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे "आमची पाचवी शिष्यवृत्तीत पहिली" असे हायस्कुलाच्या भिंतीवरचे जुने फलक बघून आता निर्णय घेण्यात अर्थ उरलेला नाही. माझ्या मते पाचवीच्या पोरांचं यात भलंच झालं.

"पाचवीला नाही घातलं तर सहावीला जागा मिळेल का?"

गावाकडे ठेवावंसं वाटणाऱ्या पालकांची ही खरी भीती असते, आणि ती खोटी नाही. नावाजलेल्या हायस्कुलाच्या तुकड्या पाचवीलाच भरतात. सहावीत जागा होते ती कुणी दाखला काढून गेला तरच. सेमी इंग्रजीची तुकडी तर आणखी घट्ट असते. तिथे पाचवीचं गणित इंग्रजीतून होतं, सहावीत विज्ञानही. मराठीतून पाचवी करून सहावीला सेमीत शिरणाऱ्या मुलाला पहिले काही महिने denominator आणि perimeter असल्या शब्दांशीच झगडावं लागतं, गणित येत असूनही.

म्हणून सेमीचं ठरलेलं असेल, नवोदयचा विचार नसेल आणि बस नीट असेल, तर पाचवीलाच हायस्कूल गाठा. मराठी माध्यमातच पुढे न्यायचं असेल आणि हायस्कूल फार गर्दीचं नसेल, तर एक वर्ष गावात काढून काही बिघडत नाही. फक्त आत्ताच हायस्कुलाच्या कार्यालयात जाऊन मागच्या दोन वर्षांत सहावीला बाहेरची किती मुलं घेतली ते विचारून या. दोनच घेतली असतील तर तुमचा निर्णय तिथेच झाला.

गावातली पाचवी निवडण्याआधी आणखी एक चौकशी करा. पाचवीचा पट किती आणि बाईंची बदली या वर्षी ठरलेली आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणालाही माहीत असतं. पट चार-पाचावर आला असेल तर वर्ग पुढच्या वर्षी चालेलच याची खात्री नाही, आणि मग जून संपल्यावर दाखला हातात घेऊन हायस्कुलाच्या दारात उभं राहावं लागतं. सरकारी किंवा अनुदानित शाळेने दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवून ठेवायचा नाही, असं कायदा सांगतो. पण तोवर सेमीची तुकडी भरलेली असते.