भिंतीवरचा कानबान बोर्ड : पूर्णवेळ ब्लॉगरचा वापरानंतरचा अनुभव

सणावारांच्या पाककृतींचा ब्लॉग हेच माझं पूर्णवेळ काम. गेल्या दिवाळीनंतर कामाच्या खोलीत कानबान बोर्ड, म्हणजे कामांची कार्डं रकान्यांत लावायचा फलक, लावला आणि तेव्हापासून कुठलं काम आधी, हे त्यावरूनच ठरतं. एकट्याने धंदा करणाऱ्यांना मी तो मनापासून सुचवेन. रकाने मात्र आपापल्या कामाप्रमाणे आखावे लागतात.

पद्धत मूळची टोयोटाच्या कारखान्यातली, तिथले अभियंते ताइची ओनो यांनी बसवलेली. पुढच्या टप्प्यावर माल लागला की मागे कार्ड जायचं आणि तेवढाच माल तयार व्हायचा. घरच्या बोर्डावर त्याचा अर्थ एवढाच की हातात घेतलेल्या कामांना मर्यादा. माझ्या ‘चालू’ रकान्यात दोनच कार्डं राहतात. तिसरं लावायचं तर आधी एक उतरवायचं. बोर्डाचा खरा उपयोग या एका नियमात आहे.

त्याआधी मी तातडीचं आणि महत्त्वाचं असे खण पाडणारा आयझेनहॉवरचा चौकोन वापरत होते. नोकरीत तो छान चालतो. पण त्यातला एक खण काम दुसऱ्यावर सोपवण्याचा आहे, आणि इथे सोपवणार कोणावर? शिवाय ज्याचा फोन येतो त्याचंच काम तातडीचं वाटू लागतं. जुन्या लेखांची डागडुजी करा म्हणून कोणी फोन करत नाही, पण वर्षभर वाचक येतात ते त्याच लेखांवर.

माझे रकाने असे : कधीतरी, या आठवड्यात, चालू, अडकलं, झालं. यातला ‘अडकलं’ सगळ्यांत मोलाचा. मजकुराला मंजुरी यायची आहे, बिल गेलंय पण पैसे आले नाहीत, अशी कार्डं इथे येतात. बिलाच्या कार्डावर दोन तारखा असतात : काम स्वीकारलं गेल्याची आणि पैशांची मुदत संपण्याची. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा कायदा आहे. सोमवारची सकाळ मी याच रकान्याला देते. मुदतीची तारीख लिहून आठवण केली की उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव.

सणांची कार्डं तिथीवर चालतात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, यंदा अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. उकडीच्या मोदकांच्या कार्डावर मी खालून वर तारखा लिहिल्यात : लेख चतुर्थीच्या महिनाभर आधी चढलेला हवा, त्याआधी लेखन, त्याआधी फोटो, आणि सगळ्यांत आधी तांदळाची पिठी. कळ्यांचे फोटो सकाळच्या उजेडातच चांगले येतात, त्यामुळे त्या दिवशी दुसरं कार्ड हलत नाही. लगेच १५ सप्टेंबरला आगाऊ कराचा दुसरा हप्ता, म्हणजे तोवर वर्षाच्या अंदाजित कराचे एकूण ४५ टक्के भरलेले हवेत. घरात गणपती बसलेले असताना चलन भरायला नको, म्हणून ते कार्ड आधीच, ऑगस्टअखेरीस उरकायचं ठरवलंय.

उणिवाही आहेत. पावसाळा सुरू होताच चिकटचिठ्ठ्या दमट हवेने गळू लागल्या; आता जाड कार्डं आणि टाचण्या वापरते. दर महिन्याला येणारी ठरलेली कामं बोर्डावर नुसती गर्दी करतात, ती फोनच्या कॅलेंडरमध्येच बरी. आणि प्रवासात बोर्ड सोबत येत नाही, निघताना फोटो काढून न्यावा लागतो.

सॉफ्टबोर्ड, टाचण्या आणि कोरी कार्डं, एवढाच खर्च. लावताना फक्त जागा नीट निवडा : दारामागे नको, खुर्चीत बसल्याबसल्या वाचता आला पाहिजे.