डिजिटल गिटार ॲम्प, पेडल आणि मोबाईलचा रिमोट: नागपूरच्या उन्हाळ्यासकट वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. ॲम्प चांगला आहे आणि मी तो विकणार नाही. पण अशा ॲम्पबद्दल ‘सगळं मोबाईलवरून चालतं’ असा जो दावा होतो, तो अर्धाच खरा आहे. शिवाय एवढ्या महिन्यांत जो ताप झाला, तो ॲम्पच्या पोटातून कमी आणि त्याला काहीबाही जोडलं जातं तिथून जास्त आला. दुकानात ॲम्प एकटा वाजतो. घरी किंवा स्टेजवर तो एकटा कधीच नसतो.

माझ्याकडचा ॲम्प ५० वॅटचा मॉडेलिंग प्रकारातला आहे, म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारा. १२ इंची स्पीकर, मागे इफेक्ट्स लूप (आवाज सेंड जॅकमधून बाहेरच्या पेडलकडे पाठवून रिटर्न जॅकमधून परत घ्यायची सोय), यूएसबी आणि ब्लूटूथ. गिटार आणि ॲम्पच्या मध्ये ट्यूनर, वाह (सुराला ‘वाव-वाव’ करणारं) आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं) ही पेडल, तर लूपमध्ये एक डिजिटल डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल. पायाशी एक्स्प्रेशन पेडल (आवाज किंवा इफेक्ट पायाने कमी-जास्त करायला) आणि मिडी फूट कंट्रोलर (ॲम्पला पायाने डिजिटल निरोप पाठवायला). गिटार सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन पकडणारी चुंबकी गुंडाळी एकेरी. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो: हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम, लग्नातलं संगीत, गणपतीतली मंडळं, कॉलेजची गॅदरिंग. एका गाण्याला साधा क्लीन, पुढच्याला कोरस, मध्येच कुणाला तरी रॉक पाहिजे असतं. आवाज झटक्यात बदलणं ही माझी चैन नाही, पोटापाण्याची गरज आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालचं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही ॲम्पला लागू पडतं.

पहिली आणि सर्वांत लांबलेली भानगड म्हणजे हम, ॲम्पची सततची गुणगुण. हिवाळ्यात ॲम्प शांत होता. एप्रिल लागला, खिडकीत कूलर बसला आणि ॲम्प गुणगुणायला लागला. आमचा कीबोर्डवाला घरी आला तेव्हा म्हणाला, “अबे, ॲम्प वाजून राहिला का कूलर?” प्रश्न बरोबर होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या भोवतीचं चुंबकीय क्षेत्र सिंगल कॉइल पिकअप थेट पकडतो, म्हणून खर्जातली गुणगुण येते. तिची ओळख सोपी आहे. गिटार गळ्यात घालून जागच्या जागी फिरा. एका दिशेला गुणगुण वाढली आणि दुसरीकडे जवळपास गेली, तर ती हवेतून पिकअपमध्ये येतेय. ॲम्प, केबल, पेडल यांना दोष देऊ नका. दोन कॉइलचा हमबकर पिकअप जन्माला आला तोच या त्रासावर उतारा म्हणून. तीन पिकअपवाल्या बहुतेक नव्या गिटारींत पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवरही आवाज घटतो, कारण मधली कॉइल उलटी गुंडाळलेली असते.

पण ‘झर्रर्र’ असा टोकदार आवाज असेल तर तो वेगळा रोग. तो पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून येतो. हा रेग्युलेटर विजेची लाट कापून पंख्याचा वेग कमी करतो आणि त्या कापलेल्या कडा ॲम्पमध्ये ऐकू येतात. पंखा पूर्ण वेगावर ठेवला की बऱ्याचदा आवाज गायब. काही स्वस्त एलईडी दिव्यांचंही असंच आहे. एकेक बटण बंद करत घरभर फिरलं की चोर सापडतो. मे महिन्यात कूलर बंद करून रियाज करा असं नागपुरात कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. मी ॲम्प कूलरच्या समोरच्या भिंतीला नेला आणि पॉवर वेगळ्या सॉकेटवरून घेतली. उरलेल्यासाठी ॲम्पमधला नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारा) आहेच. मात्र तो जास्त घट्ट केला की लांबवलेला सूर मध्येच तुटतो.

एवढं करूनही थोडी गुणगुण राहिली. ती फिरून बदलत नव्हती आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जात नव्हती. ही अर्थिंगची. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये चांगलेच व्होल्ट निघाले. तिथे एखाद-दोन व्होल्टच्या पुढे काटा जाऊ नये. आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीचा रोध वाढतो. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी सोडलं आणि फरक त्याच संध्याकाळी कळला. आता अंगणातल्या झाडांबरोबर त्या खड्ड्यालाही पाणी मिळतं.

इथे एक गोष्ट जोर देऊन लिहितो. हम घालवायला प्लगची तिसरी पिन तोडायचा सल्ला देणारे हौशी लोक भरपूर भेटतात. तो सल्ला जीवघेणा आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. मंडळाच्या स्टेजवर ॲम्प एका बोर्डवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्यावर असेल, त्यात कुठे अर्थ नसेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकला लागल्यावर झटका बसतो. मी आता आधी मल्टिमीटरने माइकची जाळी आणि गिटारची तार यांच्यातले एसी व्होल्ट बघतो. लोक हसतात, हसू देत.

पेडलच्या पॉवरचं थोडक्यात. एकाच अडॅप्टरवरून फांद्या काढून सगळी पेडल चालवली की डिजिटल डिलेची बारीक शिट्टी ओव्हरड्राइव्हमधून मोठी होऊन बाहेर पडते. ॲनालॉग पेडल मोजके मिलिॲम्प खातं, डिजिटल पेडल त्याच्या कित्येक पट. प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला सप्लाय घेतला आणि शिट्टी बंद झाली. पेडलवर खर्च करायचा असेल तर नवं पेडल घेण्याआधी हा घ्या. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट आणि सेंटर निगेटिव्ह (पिनचा मधला भाग ऋण) लागतं. सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळणारे साधे अडॅप्टर बरेचदा सेंटर पॉझिटिव्ह असतात, तेव्हा वरचं चित्र बघूनच पिन लावा.

पावसाळ्यात नवंच नाटक. वाजवता वाजवता आवाज अर्ध्यावर यायचा आणि ॲम्पवर थाप मारली की परत उसळायचा. सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवरच बोर्ड बदलायची भाषा सुरू केली. त्याआधी एक जुना उपाय केला: तेव्हा डिले लावलेला नव्हता, म्हणून रिकाम्या लूपच्या सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लावली. आवाज ठणठणीत! म्हणजे बोर्ड शाबूत, जॅक आजारी. लूपमध्ये काही नसतं तेव्हा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका पत्रीवरून पुढे जातो. मी बरेच दिवस लूप रिकामा ठेवला होता, कूलरची दमट हवा होती, पत्रीवर थर चढला. काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग आत-बाहेर केला, काम झालं. जिथे कूलर चालतो त्या घरात हा बिघाड येणारच असं धरून चाला.

आता रिमोट. मोबाईलचं ॲप दिसायला देखणं आहे. घरी बसून आवाज घडवायला त्याच्यासारखं सुख नाही, पॅनेलवर जी बटणं नाहीत तीही तिथे सापडतात. पण जोडणी! ॲम्पमध्ये दोन ब्लूटूथ आहेत असं समजा. एक गाणी वाजवायचं, ते फोनच्या सेटिंगमधून जोडायचं. दुसरं कंट्रोलचं, ते फक्त ॲपच्या आतूनच जोडायचं. ॲपमध्ये ॲम्प दिसतच नसेल तर अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर लोकेशन चालू करा. अशी उपकरणं शोधायला त्या फोनना लोकेशनची परवानगी लागते. १२ पासून पुढे ‘जवळची उपकरणं’ अशी वेगळी परवानगी आहे. घरातला दुसरा फोन आधीच जोडला गेला असेल तरी आपल्याला ॲम्प दिसत नाही. आमच्याकडे भाच्याचा टॅब गुपचूप जोडून बसायचा. आणि स्क्रीन बंद झाल्यावर फोन ॲपला झोपवतो, त्यामुळे बॅटरी बचतीतून ॲपला वगळावं लागतं.

स्टेजवर हे सगळं सांभाळत बसायला वेळ कुणाला? लॉनवर दोनशे फोन, काही वायरलेस माइक, डीजेचा राउटर, बरीचशी गर्दी ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. गायिका मुखड्याला आणि आपण बोटाने स्क्रीन घासतोय, हे बरं दिसत नाही. म्हणून माझं मत ठाम झालंय: घडवायचं मोबाईलवर, वाजवायचं वायरीच्या फूटस्विचवर.

वायरीतही खोड्या आहेतच, पण त्या एकदा कळल्या की पुन्हा छळत नाहीत. साधा फूटस्विच दोनदा दाबल्यावर एकदाच काम करत असेल तर तो लॅचिंग (दाबला की तसाच राहणारा) प्रकारचा आहे आणि ॲम्पला मोमेंटरी (सोडला की परत येणारा) हवा आहे. एक्स्प्रेशन पेडलला टोक, मधली कडी आणि दांडा असे तीन संपर्क असलेली स्टिरिओ जॅकची केबल लागते. गिटारची साधी केबल लावली तर आवाज एक तर पूर्ण असतो नाही तर शून्य, मधलं काही नाही. केबल बरोबर असूनही पेडल शेवटच्या टोकाला एकदम उडी मारत असेल तर पोलॅरिटी तपासा. कुणी आतल्या पोटेंशिओमीटरचा (फिरवून बदलता येणाऱ्या रोधाचा) मधला पाय जॅकच्या टोकाला जोडतं, कुणी मधल्या कडीला. माझ्या पेडलच्या तळाशी त्याचं बटण होतं. मग ॲम्पमध्ये कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे पेडलची दोन्ही टोकं ॲम्पला ओळखवायची.

मिडीचं मात्र कौतुक करतो. १९८३ सालचं तंत्र, पण अजून खणखणीत. पॅच (ॲम्पमध्ये साठवलेला तयार आवाज) बदलायचा निरोप जेमतेम दोन बाइटचा, आणि वायर लावली की लावली. त्रास तीन ठिकाणी होतो. कंट्रोलर आणि ॲम्प एकाच चॅनेलवर पाहिजेत. कंट्रोलर १ पाठवतो आणि ॲम्प २ उघडतो, कारण मिडीचे आकडे मुळात ० ते १२७, आणि कुठली कंपनी ते १ पासून दाखवते. तिसरं, छोट्या जॅकच्या मिडी केबलमध्ये ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. २०१८ मध्ये ए प्रकार प्रमाण ठरला, पण त्याआधीची बरीच यंत्रं बी प्रकारची फिरताहेत. आणि फक्त यूएसबीचा फूट कंट्रोलर घ्यायच्या विचारात असाल तर थांबा: ॲम्प आणि कंट्रोलर दोघंही पाहुणेच, मध्ये यजमान म्हणून कॉम्प्युटर किंवा यूएसबी होस्ट असल्याशिवाय ते एकमेकांशी बोलत नाहीत.

पॅच बदलताना या ॲम्पमध्ये किंचित खंड पडतो आणि डिलेची शेपटी तुटते. त्यावर इलाज एकच: एका गाण्याला एक पॅच, आणि गाण्याच्या आत फक्त इफेक्ट चालू-बंद.

घरी बनवलेले आवाज सभागृहात का फसतात, हेही लिहायला हवं. कमी आवाजात कानाला खर्ज आणि वरची टोकं कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मांडलंय. त्यामुळे रात्री हळू आवाजात आपण बास आणि ट्रेबल वाढवून ठेवतो, आणि सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागी तेच पॅच गडगडतात आणि टोचतात. मी आता कार्यक्रमाचे पॅच दुपारी, मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांना सांगून बनवतो. मिडरेंज जास्त, गेन वाटतं त्याहून कमी.

कुणी घ्यावा? घरी वाजवणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा, पेडलच्या फंदात न पडता. आतले इफेक्ट पुरेसे आहेत. स्टेजवाल्याने फूट कंट्रोलर आणि पेडलचा सप्लाय यांचे पैसे किमतीत धरूनच हिशेब करावा, नाही तर ‘स्वस्तात मिळाला’ हे समाधान दोन कार्यक्रम टिकतं. ॲपमध्ये सध्या नव्या फर्मवेअरचा लाल ठिपका दिसतोय. मागच्या अपडेटने सगळे पॅच पुसले होते. लॅपटॉपवर बॅकअप होता म्हणून वाचलो. त्यामुळे गणपतीचे कार्यक्रम उरकेपर्यंत त्या ठिपक्याला हात लावणार नाही.