दंडावरचा शुगर सेन्सर, सहा महिने वापरून: रात्री अडीचचा चोर सापडला

मी हा सेन्सर घेतला तो शुगर वाढते म्हणून नाही. उलट माझे रिपोर्ट इतके चांगले होते की लॅबवाला कौतुक करायचा. तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ६.४ टक्के, उपाशीपोटी शुगर ९५. अठरा वर्षांचा डायबेटिस, पाच वर्षं सकाळ-रात्र ३०/७० इन्सुलिन (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश चालणारं) आणि असे आकडे, म्हणून मीही खूश होतो. घरात एकच तक्रार होती. पहाटे माझं बनियन पिळून काढावं इतकं ओलं असायचं आणि सकाळी डोकं जड. मी म्हणायचो, तासगावचा उन्हाळा. बायको म्हणायची, "अहो, पावसाळ्यातसुद्धा?"

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि चौदा दिवस सेन्सर लावायला सांगितलं. दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठी चकती, दंडाच्या मागच्या बाजूला टक् करून बसते. केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते आणि शुगरचा आकडा फोनवर दिसत राहतो. इंजेक्शनपेक्षा कमी दुखतं. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका, माझ्याकडे प्रत्येक वेळी पहिला दिवस वेड्यासारखा गेला.

तिसऱ्या रात्री अलार्म वाजला. २ वाजून ४० मिनिटं, ५८. बोटातून काढून बघितलं तर ६१. म्हणजे खरंच लो (शुगर ७० च्या खाली), आणि मला काहीही होत नव्हतं. भूक नाही, धडधड नाही. अलार्म नसता तर घोरत पडलो असतो. पुढच्या दहा रात्रींत पाच वेळा तोच प्रकार, वेळ दोन ते साडेतीनच्या मध्ये. जेवणाआधी आठला घेतलेल्या इन्सुलिनमधला सावकाश चालणारा भाग नेमका त्या वेळी जोरात असतो, हे मला पाच वर्षांत पहिल्यांदा कळलं. आणि ती सुंदर ६.४? दिवसाची चढ आणि रात्रीचा खड्डा मिळून झालेली सरासरी. दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

कळत का नव्हतं, त्याची दोन कारणं डॉक्टरांनी सांगितली. शुगर वारंवार ७० च्या खाली जात राहिली की शरीर हाकच मारेनासं होतं. शिवाय मी बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेतो, त्याने धडधड आणि थरथर दबते. घाम तेवढा दबत नाही. तोच येत होता आणि मी उन्हाळ्याला दोष देत होतो.

रात्रीचा इन्सुलिनचा डोस २२ युनिटवरून १८ झाला. इंजेक्शन देतो ती पोटावरची जागा त्यांनी चाचपली, तिथे गाठ निघाली. वर्षानुवर्षं सोयीचं म्हणून तिथेच टोचत होतो. गाठीत इन्सुलिन कधी उतरतं, कधी नाही. जागा बदला म्हणाले, पण चांगल्या जागी तेवढाच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून पहिले काही दिवस बोटातूनही तपासायला सांगितलं.

आता सेन्सरच्या खोड्या. डाव्या कुशीवर, चकतीवर दाबून झोपलात तर तो खोटा लो दाखवतो. एकदा पहाटे ५४ बघून घाबरलो, बोट न टोचता ग्लुकोज पावडर ढोसली, वर दोन केळी. सकाळी २४०. तेव्हापासून चकती उजव्या दंडावर. दुसरी खोड अशी की तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो. ग्लुकोज घेतल्यावरही फोनवरचा बाण शुगर खाली जातेय असंच दाखवतो, आणि माणूस घाबरून अजून खातो. मी तर एकदा बेसनाचे तीन लाडू संपवले. एक चकती नवव्या दिवशी बनियन काढताना निघून आली, पैसे पाण्यात. मला एक चकती पाच हजारांच्या आसपास पडते आणि माझ्या विम्यात हे बसलं नाही. म्हणून पहिले दोन महिने सलग लावल्या आणि नंतर महिन्याला एक. रोज लावणं माझ्या पगारात जमणार नाही.

खायचं काय, यातही मी चुकत होतो. आमच्याकडे बेदाण्याला तोटा नाही, खिशात कायम मूठभर. पण चावून पोटात जाऊन रक्तात येईपर्यंत वेळ जातो. पेढा, लाडू त्याहून सावकाश, तुपामुळे. आणि माझ्या जेवणाच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. ते पोटात असताना साधी साखर लवकर फुटत नाही, म्हणजे घरचे साखर घालून पाजायचे तो गोड चहा निम्मा वाया. मला ग्लुकोज पावडरच हवी. १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे पाण्यात, मग १५ मिनिटं गप्प बसायचं, परत बोटातून बघायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. ही गप्प बसायची पंधरा मिनिटं सगळ्यात अवघड. वर आल्यावर जेवण लांब असेल तर अर्धी भाकरी. पुड्या आता गाडीच्या डिकीत, गल्ल्यात आणि उशाशी.

बायकोला वेगळं सांगून ठेवलंय: मी शुद्धीत नसलो तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवायचं आणि १०८. शेजारचे अण्णा साखरेचं पाणी घेऊन धावतीलच, त्यांना अडवायचं.

संकष्टीचा किस्सा सांगायलाच हवा. चंद्रोदय रात्री नऊनंतरचा, सकाळचा डोस मात्र मी नेहमीएवढाच घेतला आणि वर फक्त चहा. साडेअकराला बेदाण्याच्या सौद्याला (लिलावाला) निघताना गाडीला किक मारली आणि फोन वाजला. ६६, बाण सरळ खाली. मला काही वाटत नव्हतं, फक्त किल्ली सापडत नाही म्हणून बायकोवर ओरडलो होतो. किल्ली गाडीलाच होती. आता उपासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना डोस विचारतो, आणि गाडी काढण्याआधी आकडा बघतो.

सेन्सर घ्यावा का? गोळी फक्त मेटफॉर्मिन असेल तर माझ्या मते लोसाठी एवढा खर्च नको, त्या एकट्या गोळीने सहसा लो होत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी) चालू असेल, वय झालं असेल किंवा किडनी थकली असेल, तर चौदा दिवस तरी लावून बघा. डोस मात्र फोन बघून स्वतः बदलू नका.

गेल्या महिन्यात चकती लावलेली नव्हती. सौदा चालू असताना पाठीला एकदम घाम फुटला, जीभ जड, पाटीवरचा भाव दोनदा वाचला. बोट टोचलं, ६८. कितीतरी वर्षांनी शरीराने स्वतः हाक मारली होती. पुडी फोडली आणि बेदाण्याच्या बॉक्सवर पंधरा मिनिटं बसून राहिलो. तोवर बोली दोन लॉट पुढे गेली, आणि शेठजी मला शोधत होते.